जंताच्या अंगावरची लव

आज संध्याकाळी दीपमालाला फोन केला. मी "हॅलो" म्हटलं आणि ती लगेच म्हणाली, "जेवले गं आई." मी जेवणाचं अजून विचारलंही नव्हतं. ती जेवलेली नाही, हे मला तिथंच कळलं. पुढं दोन-चार वाक्यं बोललो, तिनं "ठेवते" म्हटलं आणि ठेवला. तेव्हापासून एकच दृश्य डोळ्यांसमोर आहे. मागच्या शनिवारी ती घरी आली होती. ताटातला भात तिनं अंगठ्यानं दाबून दाबून पार सपाट केला आणि एकही घास न खाता बघत बसली. तिच्या आजी म्हणाल्या, "काय गं, भाताला इस्त्री करून राह्यली का?" एरवी ती खळखळून हसली असती. त्या दिवशी तिनं स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

तो मागं घेतलेला हात काही केल्या माझ्या मनातून जात नाही. झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले. लिहिताना निदान विचार एकामागून एक येतात, अंगावर धावून येत नाहीत.

दीपमाला माझी एकुलती एक मुलगी. प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते. जालन्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिचं काम चालतं आणि अक्षता नावाच्या मैत्रिणीबरोबर तिथंच खोली करून राहते. मी आणि माझ्या सासूबाई, गिरिजाबाई, इकडं जाफराबादला. दीपमालाचा विषय आहे शेळ्यांच्या आतड्यातले पट्टकृमी, म्हणजे फितीसारखे लांब चपटे जंत, आणि त्यांच्या कातडीची सूक्ष्म रचना. हे वाक्य मी आजवर कितीतरी लोकांना सांगितलं आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाचं तोंड सारखंच वाकडं झालेलं पाहिलं. एका बाईंनी तर विचारलं, "मंग लग्नाच्या बायोडाट्यात काय लिहिता?"

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. जंतनाशक दिवस आला की गावोगाव फिरून गोळ्या पोचवायच्या, लेकरांनी त्या चावून खाल्ल्या की नाही ते बघायचं, हे माझं काम. दीपमालाचे वडील राजानंद यांना याची फार गंमत वाटायची. ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगायचे, "आमच्या घरी मायनं जंत मारायचे आन् लेकीनं जपायचे. मी मधल्यामधी तिकिटं फाडतो."

ते एसटीत कंडक्टर होते. बरीच वर्षं जाफराबाद-जालना याच रस्त्यावर. दीपमाला एम.एस्सी.ला गेली आणि तिला सरावासाठी शेळीची आतडी लागायला लागली, तेव्हा त्यांनी इथल्या मटणवाल्याशी बोलून ठेवलं. रविवारी सकाळी तो ताजी आतडी एका पत्र्याच्या डब्यात घालायचा, भोवती बर्फ भरायचा, आणि डबा कंडक्टरच्या सीटखाली जालन्याला जायचा. घाई असायची, कारण शेळी मेली की आतल्या जंताची कातडीही लागलीच खराब व्हायला लागते. एकदा गाडीत एका म्हाताऱ्यानं नाक दाबलं.

"कंडक्टर साहेब, काही मरून पडलं का गाडीत?"

"न्हाई काका, पोरीच्या अभ्यासाचं सामान हाये."

"कसला अभ्यास म्हणावा हा? डोकं उठून राह्यलं."

"डॉक्टरकीचा."

"असं व्हय. मंग बराबर हाये. दवाखान्यात असाच वास येतो."

राजानंद घरी येऊन ही नक्कल करायचे आणि आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. सासूबाई मात्र हसायच्या नाहीत. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी त्या डब्याला कधी हात लावला नाही. दीपमालानं पहिल्यांदा घरच्या मोरीत आतडी उभी चिरून धुतली, तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "माझ्या बापानं धम्म घेतला तवा गावची मेलेली ढोरं ओढायची सोडली. गावानं पाणी बंद केलं, काम बंद केलं, तरी त्यानं पुन्हा हात लावला न्हाई. आन् माझी नात कॉलेज शिकून आतडीच धुती?"

दीपमालाचे हात तसेच पाण्यात. मग राजानंद हळूच म्हणाले, "माय, ते काम आपल्यावर लादलेलं व्हतं. हे हिनं आपल्या मनानं घेतलंय." आत्याबाई आत निघून गेल्या. पुढच्या रविवारी राजानंदांनी डबा नेहमीपेक्षा जरा मिरवतच नेला, हातात धरून, चौकातून.

करोनानंतरच्या वर्षी ते गेले. ड्यूटीवरून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. दीपमालाचं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन नुकतंच झालं होतं. पट्टकृमींची शेवटची खेप जालन्याला नेऊन देणारे तेच.

माझ्या मुलीचा स्वभाव सांगायचा तर ती चूक झाकू न शकणारी मुलगी आहे. चौथीत असताना शेजारच्यांच्या कुंडीला धक्का लागून ती फुटली. कुणी पाहिलं नव्हतं. तरी ही दिवसभर त्या घरासमोर येरझाऱ्या घालत राहिली, दार वाजवायचं धाडस होईना आणि घरीही येववेना. शेवटी मी तिला हाताला धरून नेलं. सांगून टाकल्यावर पोटभर जेवली. ती तशीच राहिलीय, फक्त उंच झालीय.

मागच्या वर्षी तिनं मला तिची प्रयोगशाळा दाखवली. कपाटांत बाटल्याच बाटल्या, आणि टेबलावर दोन-दोन काचा एकमेकींवर ठेवून दोऱ्यानं घट्ट बांधलेल्या. मला वाटलं, फुटलेल्या काचा जोडल्यात की काय. दीपमाला म्हणाली, "अगं, मध्ये जंत आहे. त्याला सपाट करायचं असतं. मग रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघून चित्र काढायचं." त्या प्रयोगशाळेची ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. नवा विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी जंत दाबायला शिकतो. तिचे सर तिथंच होते. म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीच्या हातचा जंत इस्त्रीच्या कपड्यासारखा निघतो. एक सुरकुती नाही." दीपमालानं करून दाखवलं. बाटलीतून गुंडाळलेला पांढरा जंत काढला, काचेवर सरळ केला, वर दुसरी काच, अंगठ्यानं दाब, दोरा, गाठ. बोलता बोलता झालं, तिनं हाताकडं पाहिलंही नाही.

मग तिनं मला लॅपटॉपवर दुसऱ्या एका जंताचे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं काढलेले फोटो दाखवले. ते यंत्र दुसऱ्या शहरात आहे. नंबर लावावा लागतो.

"आई, याला तोंड नाही. पोटही नाही."

"मग खातो काय?"

"कातडीनं खातो. शेळीच्या आतड्यात सगळं पचलेलं आयतं असतं ना, ते हा अंगावरूनच शोषून घेतो. म्हणून याची कातडी बघ कशी आहे."

मी पाहिलं. साध्या डोळ्यांना ओल्या फितीसारखी गुळगुळीत दिसणारी ती कातडी पडद्यावर मखमलीसारखी होती. टोकदार, बारीक, एकमेकांना खेटून उभे असलेले असंख्य केस. त्यांना मायक्रोट्रिक्स म्हणतात, पण आम्ही घरी लव म्हणायला लागलो. लव जितकी दाट तितकी कातडी जास्त, आणि कातडी जास्त तितकं अन्न जास्त. केसाळ गोष्टीची मला एरवी शिसारी येते, पण ते बघताना आली नाही. त्यात काहीतरी नीटनेटकं होतं.

फोटोआधी जंताच्या तुकड्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा देतात, हे ऐकून आत्याबाई म्हणाल्या होत्या, "पोरीच्या गळ्यात फुटका मणी न्हाई आन् जंताला सोनं घालून राह्यले."

या यंत्रासाठीचा जंत मात्र दाबायचा नसतो. लव इतकी नाजूक की काच लागली तरी झडते. त्या प्रयोगशाळेत असे फोटो काढणारी दीपमाला पहिलीच. ती हे सगळं वाचून, विचारून शिकली. डोक्यानं शिकली. हात मात्र जुन्याच पद्धतीत तयार झालेला.

या उन्हाळ्यात पुढचे फोटो आले. राजानंदांनी नेलेल्या शेवटच्या खेपेतल्या, तिनं जपून ठेवलेल्या जंताचे. त्यात एक नवल निघालं. त्याच्या शरीराच्या प्रत्येक खंडावर मधोमध एक गुळगुळीत पट्टा होता. दोन्ही कडांना दाट लव आणि मध्ये काही नाही. सरांनी पुस्तकं काढली, त्याच्या जातभाईंचे फोटो काढले. असा पट्टा कुणाला नव्हता. म्हणजे ही नवी जात.

नव्या जातीला नाव द्यायचं असतं. ती जिथं सापडली त्या गावाचं किंवा आदराच्या माणसाचं. सरांच्या गुरूंच्या नावाचा जंत आहे, त्यांच्या गुरूंच्या नावाचाही आहे, आणि या लोकांत तो मोठा मान समजतात. सरांनी दीपमालाला विचारलं, "ही शेळी कुठली?" ती म्हणाली, "जाफराबादची. बाबांनी बसमधून आणली होती." सर म्हणाले, "तर मग बाबांचंच नाव देऊ."

त्यांनी मला स्वतः फोन करून परवानगी मागितली. मी चक्क नाही म्हणाले. गेलेल्या माणसाचं नाव जंताला? लोक काय म्हणतील? 'राजानंद झालाय बकरीला, औषध पाजा' असं कुणी म्हणालं तर? माझे धाकटे दीर सर्जेराव, जे इथून जालन्याला जीप चालवतात, ते समजूत घालायला आले.

"वहिनी, तुम्ही शिकलेल्या असून असं बोलून राह्यल्या? सायन्समधी नाव लागलं म्हणजे ते खोडता येत न्हाई. कंडक्टरचं नाव कुठं लागतं का?"

आत्याबाईंनी विचारलं, "कोणता जंत म्हणायचा हा? पोटात दुखतो तो?"

दीपमाला म्हणाली, "शेळीच्या पोटातला गं आजी."

"मंग माझं लेकरू शेळीच्या पोटात जाऊन बसणार?"

यावर सगळे हसले. आत्याबाईही हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. मी हो म्हणाले.

त्यानंतर आत्याबाई बदलल्या. विहारात, किराणा दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, जिथं जातील तिथं सांगायला लागल्या. "आतडी म्हणायचं न्हाई, सायन्स म्हणायचं." एके दिवशी मी कामावरून आले तर त्यांनी तो पत्र्याचा डबा माळ्यावरून काढला होता. राखेनं घासून लख्ख केला होता आणि राजानंदांच्या फोटोशेजारी ठेवला होता. ज्या डब्याला इतकी वर्षं हात लावला नव्हता, तो. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी हलवत राहिले.

मग सर्जेराव भाऊजींनी सत्कार ठरवला. येत्या रविवारी विहारात, दीपमालाचा. शोधनिबंध अजून सरांच्या टेबलावरच आहे, सोमवारी तो छापायला पाठवायचा आहे. मी म्हटलं, आधी छापून तर येऊ द्या. भाऊजी म्हणाले, "छापून येणारच हाये ना? मंग!"

आता मागच्या शनिवारचं सांगते. दीपमाला दुपारी आली. आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. तिनं पाणीही न पिता लॅपटॉप उघडला आणि दोन फोटो शेजारी-शेजारी लावले.

"आई, हा बाबांचा."

तो मला पाठ होता. दोन्ही कडांना लव, मध्ये पट्टा.

"आणि हा?"

दुसऱ्यावर पट्टा नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत दाट, सारखी लव.

"हा दुसरा कुठला तरी," मी म्हटलं.

"नाही गं. हासुद्धा तोच. त्याच जंताचा उरलेला तुकडा, दुसऱ्या बाटलीत होता. त्या पहिल्याला मी..." असं म्हणून तिनं टेबलावर अंगठा ठेवला आणि दाबला. बोट पांढरं होईपर्यंत दाबून धरला.

तेवढ्यात दारात आवाज झाला. आत्याबाई शेजारच्या बेबीनंदाला आणि तिच्याबरोबर आणखी बायकांना घेऊन आल्या होत्या.

"दीपा, कुठंय गं भाऊंचा जंत? आम्हाला दाखव की," बेबीनंदा म्हणाली. "आमच्या ह्यांना पण खूप जंत हायेत, पण कुणी नाव देऊन न्हाई राह्यलं."

बायका हसायला लागल्या. दीपमालानं पटकन दुसरा फोटो बंद केला. पहिला तेवढा राहिला. आत्याबाई अगदी पुढं बसल्या आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हा मधला पट्टा बघा. हीच याची ओळख. जगात दुसऱ्या कुणाला असा पट्टा न्हाई."

कुठून, कसं, पण त्यांनी ते वाक्य पाठ केलं होतं. दीपमालानं माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं. बायका गेल्यावर मी विचारलं, "काय सांगत होतीस?" ती म्हणाली, "काही नाही. वाढ जेवायला." आणि मग तो भात.

ती गेल्यावर दोन दिवस मी तो फोटो मनातल्या मनात बघत होते. त्यातली एक गोष्ट मला आधीपासून खटकत होती. पट्ट्याच्या अगदी काठावरची लव उभी नव्हती. एकाच बाजूला लवलेली होती, नव्या चादरीवर कुणी बसून उठावं तशी. जन्मापासून जिथं केस नसतात, त्याच्या काठावरचे केस असे आडवे कशाला होतील? आणि मग मला प्रयोगशाळेतला तिचा हात आठवला. बोलता बोलता काच ठेवणारा. गुंडाळलेला जंत हाती आला की आधी सरळ करायचा, वर काच, अंगठ्यानं दाब. एक क्षणभर दाबला असेल, हा यंत्रासाठीचा आहे हे लक्षात येताच काच काढली असेल. जंताच्या खंडाचा मधला भाग फुगीर असतो, अंडी तिथं असतात, असं तिनंच सांगितलं होतं. काच टेकली असेल ती तेवढ्याच भागाला.

मी अक्षताला फोन केला.

"काकू, मी सांगणार नव्हते, पण तुम्ही विचारलंच," ती म्हणाली. "दीपा रोज तेच करून राह्यलीय. जंत आणते, काच ठेवते, उचलते, बघते. दर वेळी मधली लव जाते."

"सरांना बोलली का?"

"त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत जाते काकू, आणि परत येते. सर चांगले आहेत हो, रागावणार नाहीत. पण दारात बघितलं की म्हणतात, 'ये गं, राजानंदांची लेक.' मंग ती कशी बोलणार? मला म्हणाली, 'मला सरांना एवढंच सांगायचंय की काच ठेवली होती. पण तोंड उघडलं की बाबांचं नाव खोडते मी.' तिला उलट्या होतात काकू. डोकंही दुखतं म्हणते."

मी पर्यवेक्षिका आहे, पहिला विचार आला तो आजाराचाच. शेळीतला हा जंत माणसाला होत नाही हे तिनं मला शंभरदा समजावलंय, तरी मी तिला जंतनाशक गोळी द्यायचे आणि ती हसत घ्यायची. आता वाटतं, असता एखादा जंत तर बरं झालं असतं. त्याला गोळी आहे.

ती गप्प राहिली तर काय होईल, ते मला दिसतं. निबंध छापून येईल, तिच्या बापाचं नाव एका चुकीवर बसेल, आणि आज ना उद्या कुणीतरी दुसऱ्या गावच्या शेळीतला तोच जंत काढून म्हणेल, याला तर पूर्ण लव आहे. पण ते दूरचं. जवळचं हे आहे की ती जेवणार नाही. त्या फुटलेल्या कुंडीसमोर ती जन्मभर येरझाऱ्या घालेल. कदाचित हे कामच सोडून देईल आणि कारण कुणालाच सांगणार नाही. मला भीती याची आहे. बोलली तर मात्र रविवार आहे, विहार आहे, आणि आत्याबाई आहेत.

आज जेवताना आत्याबाई मला विचारत होत्या, "स्टेजवर मला बोलायला लावतील का गं?"

"लावतील कदाचित."

"मी काय म्हणीन सांगू? माझ्या बापानं ढोर टाकलं, माझ्या लेकानं डबा उचलला, माझ्या नातीनं त्याला सोनं लावलं. बराबर हाये ना?"

मी "बराबर हाये" म्हणाले. त्यांना ते वाक्य कुणी शिकवलेलं नव्हतं.

आणि त्यानंतर सर्जेराव भाऊजींचा फोन आला.

"वहिनी, सकाळी पहिल्या फेरीला फ्लेक्स छापायला टाकतो. भाऊचा फोटो कोणता घ्यायचा? ड्रेसवरचा का लग्नातला?"

"ड्रेसवरचा," मी म्हटलं. मग विचारलं, "जंताचा पण टाकताय का?"

"टाकायचा ना! मोठा टाकायचा. आन् त्या पट्ट्याला लाल बाण करायचा, म्हणजे लोकांना कळतंय."

लाल बाण. तेव्हापासून तो बाणही डोळ्यांसमोर येतोय. चौकात, बसस्टँडसमोर, माझ्या मुलीच्या अंगठ्याच्या खुणेकडं दाखवणारा.

मी तिला पुन्हा फोन करून "मला सगळं कळलंय, सांगून टाक सरांना" म्हणू शकते. ती "काही नाही गं" म्हणेल. किंवा हो म्हणेल आणि केबिनच्या दारातून परत येईल, कारण दारात तिचे बाबा उभे आहेत. सरांना मीच सांगावं असंही एकदा मनात आलं. पण ते तिचं काम आहे. ते मी केलं तर मी तिच्याकडून आणखी काहीतरी काढून घेईन. ती काही आता चौथीत नाही.

माझ्या हातात एवढंच आहे की तिच्या बाबांना दारातून बाजूला घ्यावं. राजानंदांची एक सवय होती. गाडीत म्हातारी बाई किंवा लेकुरवाळी चढली की कंडक्टरची सीट द्यायचे आणि जालन्यापर्यंत दांड्याला धरून उभे राहायचे. ते असते तर लेकीसाठी केव्हाच उठले असते. ते नाहीत म्हणून त्यांना उठवायचं काम माझ्याकडं आलं.

मी सर्जेराव भाऊजींना सांगणार आहे की फ्लेक्स टाकू नका, रविवारचं रद्द करा. का, तर मला पटत नाही. माझ्या नवऱ्याचं नाव जंताला दिलेलं मला नको आहे. आधी हो म्हणाले, आता नाही म्हणते. सुरुवातीला मी हेच म्हणाले होते, त्यामुळं कुणाला नवल वाटणार नाही. खरं तर आता मला त्या नावाचं काहीच वाईट वाटत नाही. मी त्याची वाट बघायला लागले होते. लोकांनी बघावं असंही मला वाटायला लागलं होतं. ते कुणाला सांगायची गरज नाही.

भाऊजी म्हणतील, शिकून काय उपयोग झाला वहिनी. बेबीनंदा तोंडावर हसेल. आत्याबाई माझ्याशी बोलायच्या बंद होतील, आणि त्या एकदा गप्प झाल्या की लवकर बोलत नाहीत. तो डबा कदाचित पुन्हा माळ्यावर जाईल. ते वाक्य त्यांच्या तोंडातच राहील. याचं मला फार वाईट वाटतं. पण त्यांनी रागवायचं असेल तर माझ्यावर रागवावं. मला ते पचेल. नाव मागं घेतलं आईनं, असं दीपमालाला कळलं की सरांसमोर तिला फक्त काचेचंच बोलायचं राहील. "सर, मी काच ठेवली होती." एवढंच वाक्य. ते तिला जमेल.

सरांनाही मी उद्या दोन ओळी कळवीन, की नावाला माझी परवानगी नाही. कारण देणार नाही.

भाऊजींची जीप पहाटे निघते आणि फ्लेक्सवाला त्यांच्या रस्त्यातच आहे. सकाळी मी कितीही लवकर उठले तरी ते माझ्या आधी उठलेले असतात. शिवाय जागे असले की ते फार वाद घालतात. झोपेतून उठवलं की "बरं, बरं" म्हणतात. आत्याबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून मी मागच्या दारी जाते आणि त्यांना आत्ताच फोन लावते.